सर्वांत हलकी बादली

या सभागृहात जमलेल्यांपैकी निदान नऊ घरांनी आज बादली दाराबाहेर ठेवलेली नाही. मी चौकशी करून आले आहे. ठेवणीतले कपडे काढायची आठवण राहिली, केस विंचरायची राहिली, पुढची खुर्ची पकडायची तर फारच राहिली. बादली तेवढी विसरली. असू दे. सात वर्षं मी तुमची दारं वाजवून आठवण करून दिली, उद्यापासून दुसरं कुणीतरी देईल. तुमचं विसरणं मला इतकं पाठ झालंय की तेवढ्या मेहनतीत अक्षरंसुद्धा वाचता आली असती.

तर, आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष महोदय, नगर कार्यालयातून वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या बाई, व्यासपीठावर बसलेले आणि बसायला जागा न मिळाल्यामुळे खांबाशी उभे असलेले समितीचे सभासद, चारही इमारतींतले माझे भाऊ, बहिणी, सुना, जावई, आणि ज्यांच्याशी माझं आजवर एकदा तरी कडाक्याचं भांडण झालंय असे बाकीचे सर्वजण, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

आधी एक खुलासा करते. तुम्हाला ऐकू येतोय तो आवाज माझ्या नातीचा आहे, बोलणं माझं आहे. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. मी पहिल्या रांगेत, पंख्याखाली बसले आहे आणि तिनं एखादं वाक्य गाळलं तर मला लगेच कळेल. लिहिता लिहिता ती दोनदा म्हणाली, "आजी, हे नको घालायला, लोकांना वाईट वाटेल." मी म्हटलं, "वाटू दे. तू लिही." मग मी स्वतःच उठून का बोलत नाही? स्वयंपाकघरात तीनदा बोलून पाहिलं. तिन्ही वेळा एकाच जागी आवाज बंद पडला. एवढ्या लोकांसमोर बंद पडायला नको, म्हणून नातीचा उसना घेतला.

आज दोन कामं आहेत असं मला सांगितलंय. एक, आपल्या खतघराचा सत्कार. दुसरं, मला निरोप. माझ्या उजव्या अंगठ्याला आता स्पर्श कळत नाही आणि अंगठ्याशिवाय माझं काम चालत नाही. का चालत नाही ते पाहुण्या बाईंना ठाऊक नसेल, म्हणून थोडं मागून सांगते. थोडं म्हणजे माझं थोडं. अध्यक्षांनी घड्याळ खिशात ठेवलं तर बरं.

सात वर्षांपूर्वी कचऱ्याची गाडी सतरा दिवस आली नव्हती. जुन्या धुलाईघरामागच्या मोकळ्या जागेत ढीग लागला होता. सगळे नाकाला रुमाल लावून जायचे आणि प्रत्येकजण म्हणायचा, कुणीतरी काहीतरी केलं पाहिजे. त्या वेळी आपल्या कोपऱ्यावर चाव्या करून देणारे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे चावीवाले म्हणत, मीही तेच म्हणेन. ते तिसऱ्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांनी कुठूनसे रंगाचे सहा रिकामे ड्रम आणले, धुतले, चाव्या कापायच्या यंत्राशेजारच्या ड्रिलनं त्यांना भोकं पाडली, आडवे टांगले आणि प्रत्येकाला फिरवायचा दांडा बसवला. मी खिडकीतून बघत होते. खाली जाऊन विचारलं, "काय हो, वाद्यं वाजवणार का?" ते म्हणाले, "नाही ताई, तुमची भांडणं थांबवणार. ओला कचरा यात टाकायचा, वर वाळलेला पाला, आणि रोज फिरवायचं. तीन महिन्यांत माती." मी म्हटलं, "आणि फिरवणार कोण?" त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. एवढ्यावर मी सात वर्षं अडकले.

घराघरांतून बादल्या गोळा करायच्या, वजन करायचं, कुणाची किती ते फळ्यावर लिहायचं, असं ठरलं. लिहायला आपले चित्रकलेचे मास्तर होते. पण बादली कुणाची हे मला कसं कळणार? तुम्ही लोकांनी हौसेनं बादल्यांवर नावं लिहिली, मला ती सगळी सारखीच. चावीवाल्यांनी ही अडचण ऐकून घेतली. तिसऱ्या दिवशी पाहते तर प्रत्येक बादलीच्या कडीला तारेनं एकेक चावी बांधलेली. कापताना बिघडलेल्या, गिऱ्हाईक न्यायला विसरलेल्या, जुन्या. प्रत्येकीचे दाते निराळे. म्हणाले, "ताई, डोळे मिटून अंगठा फिरवा. दोन उंच, एक खोल, मग सपाट, हे मास्तरांचं घर. सगळे दाते झिजलेले, ते इस्त्रीवाल्याचं." पंधरा दिवसांत मला बेचाळीस घरं अंगठ्यानं ओळखता यायला लागली. आजवर मला शिकवायला निघालेले पुष्कळ भेटले. मला येतं त्यातून शिकवणारा हा एकच माणूस.

त्यांच्या स्वतःच्या बादलीला मात्र कोरी चावी होती. एकही दाता कापलेला नाही, अगदी गुळगुळीत. मी विचारलं, तर म्हणाले, "गिऱ्हाइकांचं झालं की आपली कापू." ती कोरीच राहिली.

आता खरं सांगा, बादली उघडली की घर कळत नाही का? मला कळायचं. कुणाकडे पाहुणे आले, कुणाकडे भात करपला आणि तो करपायच्या आधी नवराबायकोत काय झालं असेल, कुणाच्या सुनेला अचानक लिंबं लागायला लागली. दुसऱ्या इमारतीतल्या एका सासूबाईंना नातवंडाची बातमी सुनेच्या आधी माझ्याकडून कळली, त्यावरून त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. मी सगळ्यांना ऐकवायचे, मला कागद वाचता येत नाही, पण बादली वाचता येते. फार ऐकवायचे. हे वाक्य लक्षात ठेवा.

चावीवाल्यांच्या घरची बादली म्हणजे वहिनींची, त्यांच्या बायकोची बादली. बटाट्याची साल एकसंध, लांबलचक, कुठेही न तुटलेली. मटाराच्या शेंगा एकावर एक रचलेल्या, कोथिंबिरीच्या काड्या दोऱ्यानं बांधलेल्या. मी म्हणायचे, "वहिनी, कचरा आहे हो, लग्नाचा आहेर नाही." त्या हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी तशीच बादली.

मधल्या काळात काम वाढलं. खत चांगलं निघालं, शाळेमागच्या जागेत भाजी लागली, दवाखान्याच्या आवारात झाडं लागली. ड्रम फिरवून फिरवून आपल्या इस्त्रीवाल्याचे दंड असे झाले की इस्त्री त्याला फुलासारखी वाटते. आज खरा सत्कार त्याचा आणि मास्तरांचा व्हायला हवा. सात वर्षांत मास्तरांचा फळा एक दिवस कोरा राहिला नाही, ताप असतानाही नाही. हे दोघे उठून उभे राहणार नाहीत, मला माहीत आहे. तुम्ही बसूनच बघून घ्या. कोपऱ्यात, एकमेकांमागे लपायचा प्रयत्न करताहेत ते.

पण लोक वाया फार घालवत होते. अर्धी पोळी, वाटीभर भात, न कापता सडलेली भाजी. ते खटकायचं. मग एक कल्पना निघाली. दर महिन्याला मास्तरांनी माणशी वजन काढायचं आणि ज्या घराची बादली सर्वांत हलकी त्या घराला बक्षीस द्यायचं. आपल्याच खतातली टोमॅटोची कुंडी, आणि इथे, या सभागृहात, टाळ्या. ही कल्पना कुणाची होती? समितीच्या कागदात समितीची आहे असं लिहिलंय. ती माझी होती. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आणि कल्पना चालली. लोक मोजून शिजवायला लागले. एकमेकांच्या बादल्यांत डोकावायला लागले. दोन घरांनी तर कचरा शेजारच्या बादलीत टाकला, तेही पकडले. हसू नका, ती दोन्ही घरं इथेच बसली आहेत.

दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. दुखणं आठवड्याचं. त्यानंतर महिनाभर आपण सगळ्यांनी चावीवाल्यांकडे डबे पोचवले. तुम्हाला आठवत असेल. मग कुणाच्या मुलाची परीक्षा आली, कुणाकडे रंगकाम निघालं, आणि डबे थांबले. कुणी मुद्दाम थांबवले नाहीत. आज दुसऱ्या कुणी दिला असेल, असं प्रत्येकाला वाटलं.

पुढच्या महिन्यात फळ्यावर सर्वांत हलकी बादली कोऱ्या चावीची निघाली. आपण टाळ्या वाजवल्या, कुंडी दिली. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. मास्तर मला हळूच म्हणाले, "आजी, सारखं एकालाच कसं द्यायचं?" मी म्हटलं, "वजन म्हणजे वजन. तुम्ही तुमची बादली हलकी करा, तुम्हाला देते." तिसऱ्या महिन्यातही तेच.

बादलीत काय असायचं ते मी रोज पाहत होते. आधी चहाची पूड आणि कांद्याची सालं. मग कांदा गेला, चहाची पूड उरली. मग ती पूडही फिकट दिसायला लागली, दोनदा उकळलेली असते तशी. मी ती हातात घेऊन पाहिली. त्यांना जिन्यात गाठून म्हटलं, "काय चावीवाले, हवा खाऊन राहता की काय?" ते म्हणाले, "ताई, तुमचे हात दुखतात ना? भार कमी करतोय." मी हसले. वर आणखी म्हटलं, "एवढी काटकसर वहिनींच्या वेळी केली असती तर त्यांनी घराबाहेर काढलं असतं." तेही हसले. त्यांची पँट पट्ट्यानं आवळून बांधलेली होती आणि पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलेलं होतं, हेही मी पाहिलं. मला वाटलं, भोकं पाडायची सवय आहे या माणसाला.

चौथ्या बक्षिसाच्या दिवशी ते या पायऱ्या चढून वर आले. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. कुंडी माझ्या हातून द्यायची होती. मी माइकवर म्हटलं, "यांच्याकडून शिका. या गृहस्थांच्या घरात कचराच होत नाही." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. बराच वेळ वाजवल्या. त्या टाळ्यांत ते माझ्याकडे वाकले आणि म्हणाले, "ताई, कुंडी जरा जड आहे हो. कुणी घरापर्यंत आणून देईल का?"

बाळ, इथे थांबू नकोस. वाचत राहा.

ते माइकवर ऐकू गेलं आणि सगळे हसले. सर्वांत हलक्या बादलीवाल्याला कुंडी जड. मीही हसले. कुणीच उठलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं, गंमत करताहेत. ते कुंडी घेऊन एकटे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बादल्या आणायला गेले तर तिसऱ्या इमारतीच्या जिन्यात प्रत्येक वळणावर ओल्या मातीचं एकेक गोल वर्तुळ उमटलेलं. चार मजले, आठ वळणं, आठ वर्तुळं. प्रत्येक वळणावर कुंडी खाली ठेवली होती त्यांनी. मी ती वर्तुळं पाहिली आणि कुरकुरले की काल बक्षीस मिळालं म्हणून जिन्यात माती सांडायची काय. ओला फडका आणला आणि आठही पुसून काढली.

त्यानंतर अकराव्या दिवशी त्यांची बादली बाहेर नव्हती. मी म्हटलं, विसरले असतील. बाराव्या दिवशीही नव्हती. पुन्हा तेच म्हटलं. तुम्ही सगळे इतके विसरता की मला दुसरं काही सुचलंच नाही. तेराव्या दिवशी इस्त्रीवाला त्यांचा सदरा द्यायला वर गेला आणि तीन-तीन पायऱ्या उड्या मारत खाली आला. आतून कण्हल्याचा आवाज येत होता. आख्ख्या गल्लीच्या चाव्या केलेला तो माणूस, पण त्याच्या घराची चावी आपल्यापैकी एकाकडेही नव्हती. बाजारातून दुसरा चावीवाला बोलवावा लागला. तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला. दारासमोर बसला आणि पहिली दोन हत्यारं त्यानं चुकीचीच काढली.

आत चारही कुंड्या खिडकीत रांगेनं होत्या. पाणी घातलेल्या, आधाराला काड्या लावलेल्या. पहिल्या दोन कुंड्यांना टोमॅटो लगडले होते, पिकून लाल झालेले. एकही तोडलेला नव्हता.

ते नंतर दवाखान्यात सहाच दिवस होते. माझी नात त्याच दवाखान्यात नर्स आहे, म्हणून भेटायची वेळ नसतानाही मला आत सोडायचे. डॉक्टरांनी दुखण्याचं काहीतरी नाव सांगितलं, पण तेही म्हणाले की या माणसाच्या पोटात दोन-तीन महिने धड काही गेलेलं नाही. मी त्यांना रागानं विचारलं, "का हो असं? आम्ही काय मेलो होतो?" ते म्हणाले, "ताई, दोन ताटं मांडायची सवय. एक मांडायला लागलो की हात चालायचा नाही. म्हटलं, उद्या मांडू." पुढे म्हणाले, "आणि बक्षीस मिळायला लागलं. सगळे इतके खूश होते. आता कोणत्या तोंडानं सांगायचं?"

चौथ्या दिवशी त्यांनी अर्धं संत्रं खाल्लं. मी सोलून दिलं. सालं कचऱ्याच्या डब्यात टाकायला उठले तर माझा हात धरला. "टाकू नका, न्या. ड्रमात घाला." मी ती पदराला बांधून आणली, कोऱ्या चावीच्या बादलीत ठेवली आणि मास्तरांना वजन करायला लावलं. काटा हललासुद्धा नाही. ती त्यांची शेवटची बादली.

हे सगळं आज, आनंदाच्या दिवशी, का सांगतेय ही म्हातारी, असं तुमच्यातल्या पुष्कळांच्या मनात आलं असेल. अध्यक्षांच्या तर चेहऱ्यावरच आलंय. सांगते.

पाहुण्या बाई, तुम्ही आज मानचिन्ह आणलंय, त्याबद्दल उपकार. पण मी असं ऐकलं की पुढच्या महिन्यापासून नगर कार्यालय सगळ्या गावात, बावीस वस्त्यांत, सर्वांत हलक्या बादलीची स्पर्धा घेणार आहे. आणि तिला चावीवाल्यांचं नाव देणार आहे. नात म्हणाली, मागच्या कापडी फलकावर तसं रंगवलेलंही आहे. गेल्या आठवड्यात मी समितीत सांगितलं, हे करू नका. अध्यक्ष म्हणाले, "आजी, तुमच्या भावना समजतात, पण आता छापून झालंय." अध्यक्ष महोदय, मला वाचता येत नाही, त्यामुळे छापलेल्या गोष्टीचा माझ्यावर काही परिणाम होत नाही. मी पुन्हा तेच सांगते. हे करू नका.

बावीस वस्त्यांत किती बादल्या आहेत मला ठाऊक नाही. पण कुठल्यातरी वरच्या मजल्यावर कुणाचंतरी एकट्याचं ताट मांडायचं राहून गेलेलं असेल, आणि तुम्ही त्याला वर बोलावून टाळ्या वाजवाल. चावीवाल्यांच्याच नावानं वाजवाल. चूक मी केली. ती माझ्याबरोबर माझ्या अंगठ्यासारखी बधिर होऊन संपू दे. तिला बावीस घरं शोधून देऊ नका.

वजन करणं थांबवा असं मी म्हणत नाही. वजन करा, फळ्यावर लिहा, वाया घालवणाऱ्यांचे कान उपटा, तो अधिकार मी इस्त्रीवाल्याकडे देऊन चालले आहे. पण एखादी बादली दोन आठवडे निम्म्यानं उतरली, की बक्षीस न देता त्या घराचं दार वाजवायचं. दार उघडलं तर उंबऱ्यातून परत फिरायचं नाही, आत जायचं, बसायचं, ओट्यावर काय आहे ते बघायचं. आगाऊपणा वाटला तर वाटू दे. चावीवाल्यांचं नाव कशाला द्यायचंच असेल तर या नियमाला द्या. माझं तेवढंच मागणं आहे, आणि उत्तर मला आज, इथेच हवं आहे. मी पंख्याखाली बसले आहे, मला घाई नाही.

कोरी चावी मी बादलीवरून सोडवून घेतली आहे. ती इस्त्रीवाल्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात राहील. दार वाजवायला जाणाऱ्यानं ती बरोबर न्यावी. तिनं काही उघडत नाही. खिशात असली की पाय परत फिरत नाहीत, एवढंच.

आता निरोप घेते. ज्यांनी सात वर्षं माझी बडबड ऐकून घेतली त्यांचे आभार. ज्यांनी ऐकली नाही, पण बादली वेळेवर ठेवली, त्यांचे जास्त आभार. मास्तर, तुमचं अक्षर सुंदर आहे असं सगळे म्हणतात, मी विश्वास ठेवते. इस्त्रीवाल्या, दुसऱ्या ड्रमचा दांडा डावीकडे अडतो, तेल घाल. माझ्या जिभेनं कुणाचं मन दुखावलं असेल तर मला माफ करा. मी हसले तेव्हा हसायला नको होतं, त्याची माफी मात्र मी तुमच्याकडे मागत नाही. ज्यांच्याकडे मागायची ते इथे नाहीत.

आणि शेवटी जेवणाचं. मागच्या खोलीत पानं वाढायला सुरुवात झाली आहे, मला वास येतोय. आज सकाळी शेवटच्या बादल्या उचलल्या तेव्हा त्यांतल्या दोन फार हलक्या होत्या. आज दोन आठवडे भरले, हलक्याच आहेत. कुणाच्या ते मी या सभागृहात सांगणार नाही, इस्त्रीवाल्याच्या कानात सांगितलंय. तुम्ही पहिला घास घ्यायच्या आधी दोन डबे भरा. मऊ भात द्या, त्यावर तूप घाला. बाकीचं सोलून, चिरून, सजवून काही देऊ नका. अंडी उकडून कवचासकट द्या. बटाटे सालीसकट उकडा. संत्री आख्खी द्या, केळी आख्खी, मटाराच्या शेंगा मीठ घालून तशाच वाफवून. डबा दारात ठेवून येऊ नका, आत जाऊन बसा. आणि उद्या सकाळी ती सालं बादलीत आली का, ते बघा.